नानांची पहिली पसंती

घोड्यांचा आणि आमच्या घराचा काडीचाही संबंध नव्हता. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मी शाळेत शिवण शिकवायचे. जवळून पाहिलेला एकमेव घोडा माथेरानचा, आणि त्याने माझा पदर चावून ओला केला होता. असं असूनही आज मला कुणी झोपेतून उठवून विचारलं, की ओल्या मैदानावर दणकट घोडा बरा की सडपातळ, तर मी डोळे न उघडता उत्तर देईन. ही सगळी समोरच्या दाराची कृपा. समोरच्या दारात मोझेसनाना राहायचे.

मोझेस हनोख पळस्पेकर. बेने इस्राएल. आमच्या नवीन पनवेलच्या बिल्डिंगमध्ये दर नवा पोस्टमन पाटी वाचून त्यांना ख्रिश्चन समजायचा आणि डिसेंबरात नाताळाची बक्षिसी मागायचा. नाना द्यायचे, आणि वर त्याला समजावून सांगायचे, की बाबा, आम्ही ज्यू. "आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणात आले ना, तेव्हा पळस्प्याला फाटासुद्धा नव्हता." पोस्टमन मान डोलवायचा आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा यायचा.

अंगाने काटकुळे, नाक धारदार, डोक्यावर शिवलेली गोल टोपी. ती एक माप मोठी होती, कारण बायकोने शिवली होती आणि बायको गेल्यावर ती बदलायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. नोकरी विमा कंपनीत झाली. कुठला माणूस किती जगेल याचा कंपनीसाठी अंदाज बांधायचा, हे काम. निवृत्त झाल्यावर माणसं सोडून घोड्यांकडे वळले. "माणूस फॉर्मवर खोटं लिहितो, वहिनी. घोड्याला फॉर्मच भरावा लागत नाही," असं त्यावर त्यांचं म्हणणं.

मुंबईच्या एका लहानशा मराठी दैनिकात त्यांचा कॉलम यायचा, 'उद्याचे घोडे'. रेसच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते मजकूर फोनवर सांगायचे, सकाळी छापून यायचा. प्रत्येक शर्यतीतला पहिला कोण, दुसरा कोण आणि दगा देणारा कोण. शिवाय प्रत्येक घोड्याला एक शेरा. मी रेसमधलं काही कळत नसताना वाचायचे ते त्या शेऱ्यांसाठी. 'मिडनाइट मोगरा : घराणं चांगलं, पण वळणावर विचार करत बसते.' 'रॉयल रुमाल : मागच्या वेळी जिंकला, तो ताठा अजून उतरलेला नाही.' 'लास्ट बस : नावाप्रमाणे.' अहो, आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात एवढी समज असती तर अर्धी मुलं सुधारली असती!

आणि या माणसाने आयुष्यात एक रुपया कधी घोड्यावर लावला नाही. रेसकोर्सवर पाऊल टाकलं नाही. मी एकदा विचारलं, "नाना, एकदा जाऊन प्रत्यक्ष बघा की." तर म्हणाले, "मैदानावर गेलं की घोडा दिसतो, वहिनी. आणि घोडा दिसला की विचार बिघडतो."

विचार कधी बिघडला नाही, पण घोडा कधी जिंकलाही नाही. नानांची पहिली पसंती दुसरी यायची. एखाद्या दिवशी नव्हे, नेहमी. सात शर्यती असल्या तर सातही घोडे दुसरे. रेसच्या दिवशी दुपारी आमचे पुरुष खाली कट्ट्यावर बसलेले असायचे. प्रत्येक शर्यतीचा निकाल कळला की नाना गॅलरीत यायचे, चेहऱ्यावरची रेघही न हलवता दोन बोटं वर करायचे आणि आत जायचे. बिल्डिंगमध्ये नवीन आलेल्या लोकांना वाटायचं, आजोबा काहीतरी जिंकले. ते खालून टाळ्या वाजवायचे.

"जिंकणं हा अपघात असतो," नाना म्हणायचे. "दुसरा आला याचा अर्थ माझा विचार बरोबर होता, घोड्याचा जरा कमी पडला. त्याला माझा कॉलम वाचता येत नाही, तिथे सगळी अडचण आहे." मग मंगळवारी ते हरलेल्या घोड्यांवर लेख लिहायचे. कोण का हरला, जॉकीने चाबूक कुठे उगारायला नको होता, वारा कुठून वाहत होता. टीव्हीवरचे निवडणूकपंडित दुसऱ्या दिवशी असंच करतात, पण त्यांना मराठी येत नाही आणि नानांना येत होतं.

तुम्ही म्हणाल, असला कॉलम चालायचा कसा? तिथेच गंमत आहे. आमच्या कट्ट्यावरचे इक्बालभाई, जुन्या पनवेलात त्यांचं शिंप्याचं दुकान, त्यांना बाजारातून बातमी लागली. रेस खेळणारी झाडून सगळी मंडळी नानांचा कॉलम घ्यायची, नानांचा पहिला घोडा पेनाने खोडायची आणि मग उरलेल्यांत डोकं चालवायची. एक घोडा तरी नक्की येणार नाही, एवढी खात्री जगात दुसरं कोण देतं? पानवाल्यापासून सराफापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. फक्त नानांना नव्हतं. इक्बालभाई, आमचे हे आणि पाटील, या तिघांनी ते त्यांच्यापासून असं लपवून ठेवलं होतं, की जणू डॉक्टरांनीच सांगितलंय पेशंटला कळू देऊ नका.

पाटील म्हणजे रोडपालीचे. शेतीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तेव्हापासून त्यांना काम नव्हतं आणि गळ्यात जाड चेन होती. नानांवर त्यांची देवासारखी श्रद्धा. पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा नवरदेवाच्या घोडीसाठी त्यांनी नानांना नेलं. घोडीवाल्याकडे दोन घोड्या होत्या, एक पांढरी आणि एक करडी. नाना हात मागे बांधून दहा हात लांब उभे राहिले. जवळ जाईनात. त्यांना घोड्याची भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं.

बराच वेळ बघून म्हणाले, "पांढरी. स्वभावाने शांत, बँडची सवय, गर्दीत खाली मान घालून चालेल."

पांढरी खाली मान घालूनच चालली. फक्त मांडवाशी थांबली नाही. बँड मागे राहिला, वऱ्हाड मागे राहिलं, नवरदेव मुंडावळ्या सावरत ओरडतोय आणि घोडी आपली कळंबोलीच्या सर्कलपर्यंत खाली मान घालून गेली. करडी त्याच मुहूर्ताला शेजारच्या मांडवात गेली होती, ती गाईसारखी उभी.

मला वाटलं पाटील आता चिडतील. कसले चिडतात! "नाना बोल्ले शांत हाय, तं शांतच होती," ते सगळ्यांना सांगत होते. "पोऱ्यानंच लगाम येडावाकडा खेचला. नानांचं कदी चुकत नाय."

माणसांचंही नाना करायचे. आमच्या मुलीला तीन स्थळं आली, तेव्हा ह्यांनी तिन्ही पत्रिका समोरच्या घरात नेल्या. नानांनी शेरे दिले. पुण्याचा इंजिनिअर पहिला, 'सलग धाव, घरचं वजन कमी.' तिसऱ्याला लिहिलं, 'दम लवकर लागतो.' कार्टीने तिसऱ्याशीच लग्न केलं. जावई आता मॅरेथॉन पळतो. पण एक सांगते, त्या शेऱ्याची आठवण ठेवून मी अजून जावयाला जिना चढून आल्यावर आधी पाणी देते.

तर असे नाना. आणि त्यांच्या आयुष्यात एकच ओढाताण होती. मुलगी शुला बरीच वर्षं इस्राएलला. दर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तिचा फोन यायचा. भिंती पातळ आणि नानांचा फोन स्पीकरवर, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं. "बाबा, या ना आता. एकटे काय करताय तिथे?" नानांचं उत्तर ठरलेलं. "एकटा कुठे? कॉलम आहे, शुला. कॉलम बंद होईल त्या दिवशी तिकीट काढ. माझा शब्द." तिने एकदा तो शब्द त्यांच्याकडून तोरहावर, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथावर, हात ठेवायला लावून घेतला होता, असं नानांनीच हसत हसत सांगितलं होतं. आम्ही हसलो नव्हतो. निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना घर खायला उठलं होतं, दिवसभर माझ्या मागे मागे फिरून डाळीला फोडणी कधी द्यायची ते सांगायचे. नानांच्या कॉलममुळे हा माणूस पुन्हा माणसात आला. तेव्हा कॉलम जाणं म्हणजे नाना जाणं, आणि नाना जाणं म्हणजे आमच्या जिन्यात काही उरणार नाही, हे आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

आता शनिवारचं सांगायला हवं. शुक्रवारी सूर्य मावळला की नानांचा शब्बाथ सुरू व्हायचा, तो शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत. स्वयंपाक आधीच झालेला. चहा थर्मासमध्ये. पॅसेजमधला दिवा आणि हॉलमधला टेबलफॅन शुक्रवारी लावला की लावला, मध्ये बटणाला हात लावायचा नाही. लिहायचं नाही, फोन घ्यायचा नाही, कामाचं बोलायचंसुद्धा नाही. सकाळी उड्डाणपूल ओलांडून जुन्या पनवेलच्या सिनेगॉगमध्ये चालत जायचे, चालत यायचे. मग दिवसभर दार उघडं. कुणीही या, बसा, शिळा पण फक्कड पुलाव खा.

"आमच्या लोकांना कोकणात शनवारतेली म्हणायचे," ते सांगायचे. "आजोबांचा तेलाचा घाणा होता. गावात लग्न असो, गणपती असो, शनिवारी घाणा बंद. तेल शुक्रवारी न्या, नाहीतर रविवारी या. गोऱ्या साहेबाचा शिपाई आला होता एकदा कंदिलाला तेल मागायला, त्यालाही परत पाठवला."

आणि रविवारच्या रेसचा मजकूर तर शनिवारीच द्यावा लागायचा! म्हणून दर शनिवारी संध्याकाळी गच्चीवर वरात जायची. पुढे नाना, मागे आमचे हे, पाटील आणि इक्बालभाई. तीन तारे दिसले की नाना खाली धावायचे आणि फोनवर मजकूर सांगायचे. पण पनवेलचं आकाश म्हणजे हायवेची धूळ आणि दिवे. "त्यो बगा तिसरा!" पाटील ओरडायचे.

"ते विमान आहे, पाटील."

"थांबलंय की."

"उतरायला जागा मिळत नसेल. ताऱ्याला लाल दिवा नसतो."

एकदा ढग होते, तारे दिसेचनात, आणि तिकडे छपाईची वेळ टळत चाललेली. इक्बालभाई म्हणाले, "नाना, मगरिबची नमाज केव्हाच होऊन गेली. आमच्या हिशोबाने दिवस संपला, खुदा की कसम." नाना म्हणाले, "तुमच्या हिशोबाने संपला, भाई. माझ्याकडे अजून शिल्लक आहे." त्या दिवशीचा कॉलम गेला नाही. बाजारात हाहाकार झाला, कारण कुठला घोडा खोडायचा ते कुणाला कळेना.

मग पेपरला नवीन संपादक आला. पोरगेला, घाईचा. त्याने फर्मान काढलं, रविवारचं पान शनिवारी दुपारी चारला बंद. त्यानंतर मजकूर आला नाही तर घोडे कॉम्प्युटर निवडेल. नानांनी शांतपणे मजकूर शुक्रवारी सूर्यास्ताआधी द्यायला सुरुवात केली. दोन-तीन आठवडे बरे गेले. मग तो शनिवार आला.

दुसऱ्या दिवशी सीझनची सगळ्यात मोठी रेस. मार्चचा उकाडा. बाराच्या सुमाराला ह्यांच्या मोबाइलवर संपादकाचा फोन. नाना उचलत नाहीत म्हणून त्याच्याकडे आमचा नंबर दिलेला होता. म्हणे, एका मोठ्या तबेल्यातल्या घोड्यांना सर्दी झाली, निम्मे घोडे मागे घेतले, सगळ्या शर्यती नव्याने लावल्या. पळस्पेकरांनी काल दिलेले पहिले घोडे आता तबेल्यात शिंकतायत. चारच्या आत नवा मजकूर हवा. "आणि आज आला नाही तर कॉलम कायमचा बंद. काकांना सांगा, मला उगाच वाईट वाटतं." नवी यादी त्याने मोबाइलवर धाडली.

ह्यांचा चेहरा पडला. तिघे धावत समोर गेले. मी ताकाचा तांब्या घेऊन मागोमाग. नाना खुर्चीत बसून पुलाव खात होते.

"नाना, पेपरवाल्यांचा..." ह्यांनी सुरुवात केली.

नानांनी हात वर केला. "आज नको."

"पण कॉलम..."

"उद्या बोलू."

"उद्या बोलायला कॉलम राहणार नाही हो!"

 नानांना सगळं कळलं होतं, माझी खात्री आहे. घास हातात तसाच राहिला. मग तो त्यांनी तोंडात घातला, चावला आणि म्हणाले, "वहिनी, ताक ठेवा इथे. बसा सगळे. आमच्या प्रेषिताची, एलियाहू हनाबीची गोष्ट सांगू का? अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला. त्याच्या रथाच्या खुणा अजून कोकणात खडकावर आहेत." आणि गोष्ट सुरू.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कल्पना इक्बालभाईंची. त्यांनी ह्यांच्या कानात सांगितली, ती मलाही ऐकू आली. नानांना विचारायचं नाही. आपण आपापसात घोड्यांची नावं घ्यायची आणि नानांचा चेहरा बघायचा. रेसच्या आधी घोडे गोल फिरवतात आणि जाणकार लोक कुंपणाला टेकून कोणाचे कान टवकारलेत, कोणाला घाम फुटलाय ते बघतात, तसं आता नानांना बघायचं. इतकी वर्षं शेजारी बसलेले. नाना एखाद्या घोड्यावर खूश झाले की टोपीला हात लावतात, हे तिघांनाही ठाऊक होतं.

सुरू झालं. नाना स्वर्गाच्या वाटेवर, आणि इकडे आमचे हे मोबाइलमध्ये बघून म्हणतायत, "इक्बालभाई, लास्ट बस कसा वाटतो?" नाना गोष्ट सांगतायत, टोपी जागेवर. "मिडनाइट मोगरा?" टोपी जागेवर. "कर्नल्स कॉफी?" नानांचा हात टोपीकडे! पाटलांनी ह्यांच्या मांडीवर अशी थाप मारली की हे कळवळले. दुसरी शर्यत. तिसरी. दर शर्यतीत कधी ना कधी हात टोपीला जायचा आणि तिघांचे डोळे चमकायचे.

मी भिंतीशी बसले होते, तिथून मला सगळं नीट दिसत होतं. शुक्रवारपासून चालू असलेला टेबलफॅन मान फिरवत होता. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. तो नानांच्या समोर आला की ती ढगळ टोपी उडायला बघायची आणि नाना ती धरायचे. फॅन पुढे गेला की हात खाली. घोड्याचा काही संबंधच नव्हता.

मी ह्यांना बाहेर जिन्यात बोलावून सांगितलं. "अहो, ती पसंती नाही, तो पंखा आहे."

"तू गप गं. तुला रेसमधलं काय कळतं?"

गप बसले. चारच्या आत ह्यांनी मजकूर लिहून मोबाइलवरून पाठवूनही दिला. नानांच्या नावाने. पाटलांच्या डोळ्यांत पाणी होतं. "वाचवलं नानांना," म्हणाले.

रविवारी कर्नल्स कॉफी पहिला आला. दुसऱ्या शर्यतीत पंख्याने निवडलेला घोडा पहिला आला. तिसऱ्यात आला, चौथ्यात आला. मोठ्या रेसमध्येसुद्धा आला. कट्ट्यावर तिघे नाचायचे बाकी राहिले होते. वर गॅलरीत नाना एकदाही आले नाहीत. सकाळचा पेपर त्यांनी वाचला होता.

तुम्हाला वाटेल, संपादक पेढे घेऊन आला असेल. सोमवारी त्याचा फोन आला तो तापलेला. अख्ख्या बाजाराने नानांचे घोडे खोडले होते, विश्वासाने, वर्षानुवर्षांच्या सवयीने. पैसे घालवून पार झोपले होते सगळे! सकाळपासून पेपरच्या कचेरीत शिव्यांचे फोन. पळस्पेकरांनी दगा दिला. या वयात माणसाने असं वागावं? संपादकाने नानांना स्पष्टच सांगितलं, "काका, लोक तुमचा घोडा खोडायलाच पेपर घ्यायचे. तुमच्यात सातत्य राहिलं नाही. वाचकांचा विश्वास उडाला की कॉलमला अर्थ नाही. थांबू या आपण."

संध्याकाळी नानांनी तिघांना बोलावलं. मी आपण होऊन गेले. नानांनी चष्मा लावला आणि पेपरमधून मोठ्याने वाचलं. "'सदर घोडा मागील शर्यतीत समाधानकारक आढळून आला असून, प्रस्तुत शर्यतीत जिंकण्यास त्याची हरकत नसावी.'" चष्मा काढून ह्यांच्याकडे बघितलं. "भाऊसाहेब, हे मी लिहीन? हा घोडा आहे की पाटाच्या दुरुस्तीचं टेंडर?"

 ह्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. टोपीचंही सांगितलं. नानांनी टोपी काढून हातात धरली, तिच्याकडे बघितलं. मग फॅनकडे बघितलं.

"घोडे गेले उडत," ते म्हणाले. आवाज हळू होता. "आजोबांचा घाणा शनिवारी कधी फिरला नाही. बापाने शनिवारी पेन धरलं नाही. मी धरलं नाही. तुम्ही माझ्या नावाने शनिवारी घाणा फिरवलात रे."

पाटील रडायलाच लागले. "चुकी झाली, नाना. तुमी जाऊ नये म्हनून केली आमी."

"ते कळतंय मला. म्हणून तर राग येत नाहीये, त्याचाच त्रास होतोय." मग इक्बालभाईंकडे वळून म्हणाले, "आणि लोक माझा घोडा खोडण्यासाठी पेपर घ्यायचे, हे माहीत होतं तुम्हाला?"

इक्बालभाईंनी गळ्यातली शिंप्याची टेप काढून बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "सगळ्या पनवेलला माहीत होतं, नाना. तुम्हाला तकलीफ नको म्हणून..."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. म्हाताऱ्या माणसाला असं कुणी सांगतं का! पण नानांनी पेपरची नीट घडी घातली आणि म्हणाले, "म्हणजे लोकांना उपयोग होत होता तर."

तिघांनी हातापाया पडून विनवलं. संपादकाला एवढंच कळवा, की रविवारचं मी लिहिलेलं नाही, मी पूर्वीइतकाच चुकतो. कॉलम उद्या परत सुरू होईल. नाना म्हणाले, "मग तो विचारेल, लिहिलं कोणी? कोणाचं नाव सांगू, यांचं? पेन्शनर माणूस, दुसऱ्याच्या नावाने मजकूर पाठवतो म्हणून? छे." आणि मग टोपी डोक्यावर घालत म्हणाले, "शिवाय शुलाला शब्द दिलाय. कॉलम बंद, त्या दिवशी तिकीट. आज बंद झाला."

त्यांनी आमच्यासमोर फोन लावला. शुला पलीकडून आनंदाने ओरडली ते आम्हाला ऐकू आलं. आमचे हे उठून आपल्या घरी आले आणि डाळीच्या डब्यांकडे बघत उभे राहिले.

जायच्या आधी नानांनी मलिदा केला. त्यांच्यात प्रवासाला निघताना एलियाहू हनाबीच्या नावाने करतात. गोड पोहे, खोबरं, मनुका, वेलची, फळं, वर गुलाब. जुन्या पनवेलात त्यांच्या लोकांची दोन-तीन घरं उरलीत, ती माणसं आली आणि आमचा अख्खा जिना आला. पाटलांनी तीनदा घेतला. टेबलफॅन नानांनी आमच्या ह्यांना दिला. "सांभाळा," म्हणाले. "त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

विमानतळावर सगळे गेलो. कुठल्या रस्त्याने लवकर पोचू ते नानांनी सांगितलं, त्यामुळे जेमतेम पोचलो. दारात पोलिसाने आम्हाला अडवलं. नाना एकटे आत गेले. काचेतून दिसत होते. समोर चार-पाच रांगा होत्या. नाना हात मागे बांधून, दहा हात लांब उभे राहिले आणि रांगांचा अभ्यास करू लागले. कुठे लहान मुलं किती, कुणाच्या ढकलगाडीवर बॅगा किती, खिडकीतली मुलगी चटपटीत आहे की नाही. भरपूर वेळ घेतला. मग एका रांगेत जाऊन उभे राहिले.

"ती नको, नाना, शेजारची घ्या," मी काचेबाहेरून पुटपुटले.

शेजारची रांग सरसर पुढे सरकली. नानांच्या रांगेत पुढच्या कुटुंबाची बॅग उघडली, त्यातून लोणच्याच्या बरण्या निघाल्या आणि सगळं ठप्प झालं. मागचे लोक पटापट रांग बदलून गेले. नाना हलले नाहीत. पसंती दिली म्हणजे दिली. शेजारच्या रांगेत त्यांच्यानंतर आलेला माणूस काम आटपून निघून गेला, तेव्हा नानांनी मागे वळून बघितलं. आम्ही काचेला नाकं लावून उभे होतो, ते त्यांना दिसलं असावं. चेहऱ्यावरची रेघही न हलवता त्यांनी हात वर केला. दोन बोटं.

"बघा, आजोबा किती खूश आहेत!" बाजूची एक बाई आपल्या मुलाला म्हणाली.

मी वळून बघितलं तर आमचे हे, पाटील आणि इक्बालभाई, तिघेही काचेशी उभे राहून दोन बोटं वर धरून होते. आत नानांची रांग हलली तरी त्यांनी हात खाली घेतले नाहीत.